पिंगुळीला मुलांना नेताना: चित्रे पाहण्याआधी कथा ऐकण्याची तयारी

कोल्हापुरातील एका माध्यमिक शाळेच्या चित्रकला शिक्षकांनी विचारले आहे की, सातवी-आठवीच्या पंचेचाळीस विद्यार्थ्यांना कुडाळजवळच्या पिंगुळी गावी आदिवासी चित्रकला पाहण्यासाठी एका दिवसात नेऊन आणता येईल का, त्याच दिवशी सावंतवाडीचा राजवाडा आणि मालवणचा किनारा जोडावा का, मुलांनी तेथे चित्रे काढून आणावीत का, छायाचित्रे घ्यावीत का, आणि कलावंतांना किती व कसे पैसे द्यावेत. कोल्हापुरात सव्वीस वर्षे चित्रकला शिकवताना मी स्वतः मुलांना घेऊन नऊ वेळा पिंगुळीला गेले आहे. त्या फेऱ्यांमध्ये ज्या चुका झाल्या आणि त्यांतून जे उमगले, ते येथे सविस्तर लिहिते.

सर, आधी थेट उत्तर देते. मालवण वगळावे. पंचेचाळीस मुलांचे दोन गट करावेत आणि शक्य असल्यास दोन वेगळ्या दिवशी न्यावेत. हे शक्य नसेल, तर एक गट कथा ऐकत असताना दुसऱ्याने संग्रह पाहावा, अशी व्यवस्था तेथील मंडळींशी आधी बोलून ठरवावी. मुलांना ‘चित्रे बघायला’ नेतो आहोत हा विचार मात्र निघण्यापूर्वीच बदलावा लागेल, कारण चित्रकथी, म्हणजे एकेक चित्र दाखवत कथा गाऊन सांगणे, ही मुळात ऐकण्याची कला आहे आणि तिच्यातील चित्र कथेकऱ्याच्या आवाजाशिवाय अर्धेच राहते. वेळापत्रक, गटांची विभागणी, मानधन, छायाचित्रे हे सगळे निर्णय या एका गोष्टीवरून घेतले, तर बहुतेक प्रश्न आपोआप सुटतात.

आपण जेथे जाणार आहात ते ठाकर आदिवासी कला आंगण पिंगुळीच्या गुढीपूर या वाडीत आहे. ठाकर समाजातील गंगावणे कुटुंबाने आपल्या राहत्या घराशेजारी, गोठ्याच्या जागेत, ते उभे केले. पिढ्यान्‌पिढ्यांची चित्रे, कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या छायाबाहुल्या आणि वाद्ये तेथे जपलेली आहेत. या कामासाठी परशुराम विश्राम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. ही माहिती मुलांना जरूर द्यावी, पण त्याबरोबर हेही सांगावे की आपण सरकारी संग्रहालयात चाललेलो नाही. आपण कुणाच्या तरी अंगणात जाणार आहोत, त्या अंगणात घरची माणसे वावरत असतील, स्वयंपाकघरात जेवण शिजत असेल, आणि ज्या बाहुलीकडे आपण काचेपलीकडची वस्तू म्हणून पाहू, ती घरातल्या कुणाच्या तरी आजोबांनी खेळवलेली असेल. चपला कोठे काढायच्या, पाणी कोणाकडे मागायचे, कोणत्या खोलीत जायचे नाही, हे पोहोचताच विचारून घ्यावे. मुलांनी आधी नमस्कार करावा, मग भिंतींकडे पाहावे. या साध्या क्रमाचा परिणाम मी प्रत्येक वेळी अनुभवला आहे.

चित्रकथीविषयी शिक्षकाला जेवढे ठाऊक असावे, तेवढे थोडक्यात मांडते. एका कथेची चित्रे एका गठ्ठ्यात बांधलेली असतात, त्या गठ्ठ्याला पोथी म्हणतात, आणि कथा सांगायला बसणे म्हणजे पोथी सोडणे. कागदावर रंगवलेली दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात, त्यामुळे कथेकऱ्याने चित्र उलटले की कथा पुढे सरकते. एका पोथीत साधारणपणे तीस ते पन्नास चित्रे असू शकतात. विषय प्रामुख्याने रामायण आणि महाभारतातले असतात, पण ते येथील लोकपरंपरेने आपल्या पद्धतीने सांगितलेले असतात, म्हणून मुलांना पाठ्यपुस्तकात न भेटलेले प्रसंग त्यांत भेटतात. मुख्य कथेकऱ्याबरोबर साथीदार असतात आणि वीणा, टाळ व हुडुक यांच्या साथीने गायन आणि निवेदन चालते. हुडुक हे डमरूच्या जातीचे लहान वाद्य आहे. त्याचा आवाज मुलांनी डोळे मिटून एकदा तरी ऐकावा, असा माझा आग्रह असतो. चित्रे दाखवून कथा सांगणाऱ्यांची परंपरा महाराष्ट्र-कर्नाटकाच्या भूमीत फार जुनी आहे. कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसऱ्या सोमेश्वराच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात अशा कथेकऱ्यांचा निर्देश आढळतो. सावंतवाडीच्या भोसले राजघराण्याने ठाकरांच्या या कलांना आश्रय दिला, आणि देवळांतून त्या सादर करण्याचा मान ठराविक घराण्यांकडे चालत आला. ठाकरांनी शिवकाळात हेरगिरीची कामगिरी केली, असेही त्या समाजात परंपरेने सांगितले जाते. ती हकीकत आपण बसमध्ये सांगून टाकू नये. ती त्यांच्याच तोंडून ऐकावी, कारण आपल्या पूर्वजांविषयी बोलताना माणसाचा स्वर कसा बदलतो, हे मुलांनी ऐकणे त्या हकीकतीइतकेच मोलाचे आहे.

माझी पहिली फेरी फसली होती. एका सहल आयोजकाच्या वेळापत्रकात आम्ही सत्तर मुले बसवली आणि पिंगुळीसाठी एक तास राखून ठेवला. पोहोचायला उशीर झाला आणि प्रत्यक्षात चाळीस मिनिटे हाती उरली. कथेकरी बुवांनी पोथी सोडली, नमन झाले, तिसरे चित्र समोर आले, तोच आयोजकाच्या माणसाने हळूच येऊन सांगितले की जेवणाची वेळ झाली आहे, जरा आटोपते घ्या. बुवा थांबले. त्यांनी चित्रे एकसारखी केली, कपाळाला लावली आणि गठ्ठा बांधला. रागाचा एकही शब्द त्यांनी उच्चारला नाही. परतताना मी मुलांना काय पाहिले असे विचारले, तेव्हा बहुतेकांनी बाहुल्या सांगितल्या, आणि राम वनात गेल्यावर पुढे काय झाले हे कुणालाच सांगता आले नाही. अर्धी कथा ऐकून उठणे आपल्याकडे कीर्तनातही बरे मानत नाहीत, आणि मी सत्तर मुलांना नेमके तेच करायला लावले होते. त्या दिवसापासून मी नियम पाळला की कथेला किती वेळ लागेल हे कथेकऱ्यालाच विचारायचे, आणि बाकी सगळे वेळापत्रक त्याभोवती आखायचे. पूर्ण पोथी कित्येक तास चालू शकते, ती शाळकरी मुलांना झेपणार नाही हे त्यांनाही ठाऊक असते, म्हणून ते स्वतःच एखादे आख्यान निवडून देतात. ती निवड आपण त्यांच्यावर सोपवावी. ‘पाच मिनिटांत थोडे दाखवा’ असे मात्र कधीही म्हणू नये.

दुसरी तयारी शब्दांची आहे. आपल्या शाळांमध्ये आदिवासी कला म्हटले की वारली, एवढेच समीकरण मुलांच्या डोक्यात बसलेले असते. गेरूच्या रंगावर पांढऱ्या त्रिकोणी माणसांची रांग काढली की आदिवासी चित्र झाले, असे त्यांना वाटते. वारली चित्रे पालघर भागातील वारली समाजाची आहेत. तेथे लग्नप्रसंगी सुवासिनी तांदळाच्या पिठाने घराच्या भिंतीवर देवचौक लिहितात, आणि त्या परंपरेला कागदावर व जगापुढे आणणाऱ्या जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. पिंगुळीचे ठाकर वेगळे, त्यांची भाषा वेगळी, त्यांचे देव-उत्सव वेगळे आणि त्यांचे चित्र तर संपूर्ण वेगळे. उत्तर सह्याद्रीतील क ठाकूर आणि म ठाकूर या जमातींशीही त्यांची सरमिसळ करू नये. एकदा माझ्या गटातील एका सहकारी शिक्षकांनी तेथील तरुण चित्रकाराला मोठ्या उत्साहाने सांगितले की मुलांना एक वारली काढून दाखवा. त्या तरुणाने शांतपणे उत्तर दिले, “ते त्यांचं आहे, आमचं हे आहे,” आणि पुढे तो फारसे बोलला नाही. मुलांना जंगली, मागास, भोळेभाबडे असे शब्द न वापरण्याची ताकीद तर द्यावीच, पण ‘यांची कला किती साधी आहे’ हे वाक्यही टाळायला शिकवावे. घोड्याच्या आयाळीचे एकाच लयीत पडलेले फटकारे मुलांनी जवळून पाहिले, की ‘साधी’ हा शब्द त्यांच्या तोंडी येत नाही.

तिसरी तयारी डोळ्यांची आहे, आणि कोल्हापूरच्या मुलांच्या बाबतीत ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते, म्हणून येथे थोडी रेंगाळते. आपले शहर आबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटर या चित्रकारांचे आहे. रंकाळ्याच्या काठावर बसून पाण्यातले प्रतिबिंब जलरंगात पकडणे हे आपल्याकडे चित्रकाराचे पहिले कसब मानले जाते. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांसाठी मुले स्थिरचित्र आणि स्मरणचित्र घोटतात, छायाप्रकाश दाखवतात, मागची झाडे लहान व पुढची मोठी काढतात, म्हणजेच पर्स्पेक्टिव्ह सांभाळतात. अशी तयार झालेली नजर घेऊन मूल चित्रकथीसमोर उभे राहिले की त्याला सगळे चुकलेले दिसते. बहुतेक चेहरे एका बाजूने काढलेले असतात आणि तरीही मोठा डोळा समोरून पाहिल्यासारखा पूर्ण असतो, माणसे एकाच जमिनीच्या रेघेवर उभी असतात, मागे ना डोंगर ना आकाश, आणि राजा सेवकापेक्षा मोठा, कारण तो राजा आहे. आठवीतल्या एका हुशार मुलाने मला तेथे कानात विचारले होते, “बाई, यांना पर्स्पेक्टिव्ह येत नाही का?” तो प्रश्न त्याचा नव्हता, तो मी वर्षभर वर्गात शिकवलेल्या गोष्टींतून आला होता.

म्हणून निघण्याच्या आधी वर्गात एक तास याला द्यावा. हे चित्र दिव्याच्या उजेडात, देवळाच्या सभामंडपात, दहा-पंधरा हात लांब बसलेल्या माणसाला कळले पाहिजे, असे मुलांना सांगावे. चित्र समोर येताच हा रावण, ही सीता, हा मारुती, हे ओळखता आले पाहिजे, म्हणून बाजूने दिसणारी ठळक आकृती, जाड काळी बाह्यरेषा, लाल, पिवळा, हिरवा यांसारखे सपाट रंग. डोंगर आणि आकाश कथेकऱ्याच्या शब्दांत असतात, त्यामुळे ते कागदावर असण्याची गरज नसते. चामड्याच्या छायाबाहुलीचाही विचार येथेच करून घ्यावा. पांढऱ्या पडद्यामागे दिवा असतो, आणि बाहुली पडद्याला टेकली की समोरून तिची आकृती दिसते, म्हणून तिलाही बाजूचाच चेहरा सोयीचा. चित्रातली माणसे आणि बाहुल्या यांचे अंगविक्षेप एकमेकांशी किती जुळतात, हे मुलांना तेथे स्वतः शोधू द्यावे. वर्गात मी एक प्रयोग करते. दोन मुलांना एकच प्रसंग काढायला देते, एकाने आपल्या नेहमीच्या पद्धतीने छायाप्रकाशासह आणि दुसऱ्याने केवळ बाह्यरेषा व तीन सपाट रंगांत. मग दोन्ही चित्रे वर्गाच्या शेवटच्या बाकावरून पाहायला लावते. त्यानंतर पर्स्पेक्टिव्हचा प्रश्न पुन्हा कुणी विचारलेला मला आठवत नाही.

मुलांना कथाही आधी सांगून ठेवावी. आख्यानाची भाषा मालवणी वळणाची आणि गायनात विरघळलेली असते, त्यामुळे कोल्हापूरच्या मुलांना पहिल्या ऐकण्यात अर्धे शब्द निसटतात. कथेचा गाभा ठाऊक असला, की ती शब्दांच्या मागे धावत नाहीत आणि स्वर, चित्र व हाताची हालचाल यांकडे लक्ष देऊ शकतात.

कारागिराशी कसे बोलावे याचा सरावही कोल्हापुरातच करून घेता येतो, आणि त्यासाठी एक पैसाही लागत नाही. पिंगुळीच्या आधी पंधरा दिवस मी मुलांना पाच-सहाच्या गटांनी सुभाषनगर भागातील चपला बनवणाऱ्यांकडे किंवा कुंभारवाड्यात पाठवते. तेथे त्यांनी अर्धा तास नुसते बसून पाहायचे, मग परवानगी घेऊन तीन प्रश्न विचारायचे आणि घरी येऊन एक हत्यार स्मरणाने काढायचे. पहिल्या दिवशी मुले विचारतात, “हे करायला किती वेळ लागतो?” आणि “किती पैसे मिळतात?” दुसऱ्या फेरीत प्रश्न बदलतात. कातडे कोणत्या बाजूने कापायचे हे कसे कळते, हे काम तुम्हाला कोणी शिकवले, हाताला आधी कोणती गोष्ट जमली, असे ते प्रश्न असतात. अशी सरावलेली मुले पिंगुळीला गेल्यावर कलावंतालाही बोलावेसे वाटते. “तुम्ही जंगलात राहता का?” यासारखा प्रश्न या सरावानंतर कुणाच्या मनातही येत नाही.

आता प्रत्यक्ष भेटीविषयी. मुलांचे मोबाइल बसमध्येच ठेवावेत. कथा चालू असताना समोर पडदे उजळले की कथेकऱ्याचे लक्ष विचलित होते, आणि मुलांचेही कान बंद होतात. शाळेसाठी छायाचित्रे हवी असतील, तर एका शिक्षकाने परवानगी घेऊन, कथा संपल्यावर, ती काढावीत. जुन्या पोथ्यांची चित्रे जवळून टिपायची असतील, तर स्वतंत्र परवानगी मागावी आणि नकार आला तर तो कारण न विचारता स्वीकारावा. संपूर्ण आख्यानाचे ध्वनिचित्रमुद्रण करून ते सगळीकडे पाठवणे तर टाळलेच पाहिजे, कारण ते आख्यान हीच त्या कलावंताची मिळकत आहे. पोथी सोडण्यापूर्वी नमन असते, त्या वेळी मुलांनी बसलेले असावे आणि शांत असावे. जुन्या चित्रांना बोट लावू नये, हे सांगावेच लागते. बाहुली हातात दिली तर ती घ्यावी, आपण होऊन उचलू नये. कळसूत्री बाहुलीचे दोर हातात घेतल्यावर ती जागच्या जागी लोंबकळते, पाऊल टाकत नाही, आणि तेव्हा मुलांना त्या कलावंताच्या बोटांची किंमत कळते. एवढ्यासाठीच मी प्रत्येक फेरीत प्रत्येक मुलाला दोर धरू देण्याची विनंती करते. याला वेळ लागतो, आणि गट लहान हवा असे मी म्हणते त्यामागे हेही एक कारण आहे.

मानधनाचा प्रश्न आपण मोकळेपणाने विचारलात, हे मला फार आवडले. आकडा त्यांनाच विचारावा आणि फोनवरच पक्का करावा. कथाकथन, बाहुल्यांचा खेळ आणि मुलांसाठी कार्यशाळा ही तीन स्वतंत्र कामे आहेत, हे लक्षात घेऊन प्रत्येकाचे विचारावे. साथीदार किती असतील हेही विचारावे, कारण टाळ धरणाऱ्या माणसाने त्या दिवसाचे आपले काम सोडलेले असते. सांगितलेल्या रकमेत घासाघीस करू नये. शाळेला ती परवडत नसेल, तर ‘आमच्याकडे एवढेच आहेत, यात काय होऊ शकेल?’ असे सरळ सांगावे. उत्तर बहुधा समजूतदारपणाचे येते. पैसे मुलांदेखत, शाळेच्या पाकिटातून, दोन्ही हातांनी द्यावेत. विद्येचे मोल कसे चुकते करावे, हे मुलांनी पाहायला हवे. चित्र विकत घ्यायचे असेल तर ज्याने काढले त्याच्याचकडून घ्यावे, त्याचे नाव विचारून मागे लिहून घ्यावे, आणि शाळेत लावताना त्या नावासह लावावे.

मुलांनी तेथे चित्र काढावे का, या प्रश्नावर माझे मत काळानुसार बदलले आहे. पूर्वी मी प्रत्येकाकडून चित्रकथीची एक नक्कल करून आणत असे. त्यांतल्याच एका नकलेवरून आमच्या शाळेने एका वर्षी शुभेच्छापत्रे छापली आणि ती स्नेहसंमेलनात विकली. त्यावर पिंगुळीचे नाव नव्हते, ठाकरांचे नव्हते, फक्त शाळेचे बोधचिन्ह होते. पुढच्या फेरीत मी अभिमानाने एक पत्र तेथे भेट म्हणून नेले. ते पाहून घरातल्या एका वडीलधाऱ्या बाईंनी विचारले, “ह्यो आमचो मारुती मा?” त्या प्रश्नात तक्रार नव्हती, ओळख होती, आणि त्यामुळेच तो मला अजून बोचतो. शाळेने नंतर उरलेली पत्रे विकणे थांबवले आणि जमलेली रक्कम तिकडे पाठवली, पण जे छापले गेले ते गेलेच. आता मी वेगळे करते. कलावंत स्वतः कार्यशाळा घेणार असेल, तर त्याने जे शिकवले तेवढे, त्याच्या देखरेखीखाली, मुलांनी काढावे आणि ते शिकण्याचा कागद म्हणून आपल्या वहीत ठेवावे. त्यातून वस्तू बनवून विकू नयेत. कार्यशाळा नसेल तर मुलांनी चित्र न काढता कानांनी आणलेले लिहावे. कथेतला एक स्वर, हुडुकाचा एक ठेका, चित्र उलटतानाचा एक शब्द, यांपैकी काहीतरी प्रत्येकाने घरी न्यावे.

प्रवासाचे थोडक्यात सांगते. कोल्हापूरहून राधानगरी-फोंडाघाट-कणकवली, गगनबावडा-वैभववाडी-कणकवली, किंवा आजरा-आंबोली-सावंतवाडी या तीन वाटा आहेत. वाट कोणतीही धरली तरी घाट आहेच आणि बसने चार तास तरी धरून चालावे. पहाटे साडेपाचला निघावे, घाटात उलटी होणाऱ्या मुलांना पुढच्या बाकांवर बसवावे. पावसाळ्यात दरडींचा धोका असतो म्हणून जाऊ नये, आणि गणेशोत्सवात तर मुळीच नको, कारण तेव्हा कोकणातले प्रत्येक घर पाहुण्यांनी आणि देवाने भरलेले असते. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीअखेर हा काळ उत्तम आहे. मात्र त्याच महिन्यांत गावोगावच्या जत्रा असतात आणि कलावंत बाहेर असू शकतात, म्हणून तारीख आधी त्यांना विचारून मग मुख्याध्यापकांकडे न्यावी. आपल्याकडे नेमका उलटा क्रम पडतो. जेवणाची सोयही आधीच बोलून ठेवावी.

सावंतवाडी जोडायची असेल, तर मुक्काम करावा आणि दुसरी सकाळ राजवाड्याला द्यावी. कुडाळहून ती जवळ आहे. राजवाड्यात गंजिफांची परंपरा जपली गेली आहे. लाखकामाच्या गोल पानांचा हा खेळ, आणि दशावतारी गंजिफेत दहा अवतारांची प्रत्येकी बारा म्हणजे एकशे वीस पाने. आदल्या दिवशी ज्या मुलांनी पोथीतला राम पाहिलेला असतो, ती दुसऱ्या दिवशी हाताच्या तळव्याएवढ्या पानावरचा राम पाहतात. देवळाच्या मंडपातली रेषा आणि दरबारातली रेषा यांतला फरक त्यांना आपण न सांगता दिसतो. एका दिवसात दोन्ही कोंबले तर हा फरक दिसत नाही, फक्त थकवा येतो.

परतल्यावर काय करावे, याचे मात्र सविस्तर सांगायला हवे, कारण बहुतेक शाळांची सहल बसमधून उतरताच संपते. मी मुलांना ठाकरांच्या कथा पुन्हा काढायला सांगत नाही. आपली कथा काढा, पण ती सांगता आली पाहिजे, असे सांगते. पाठीला पाठ चिकटवलेले कागद, प्रत्येक चित्रात एकच प्रसंग, आणि चित्र उलटण्याची जागा सांगणाऱ्याने ठरवायची, एवढी पद्धत त्यांनी शिकून आणलेली असते आणि ती कुठून आणली हे पहिल्या पानावर लिहायचे असते. एका तुकडीने २०१९ च्या महापुराची पोथी केली. शिवाजी पूल, पंचगंगेचे वाढत जाणारे पाणी, माडीवर चढवलेली म्हैस, होडीतून आलेल्या भाकऱ्या, आणि पाणी ओसरल्यावर घरात भरलेला गाळ, अशी बारा चित्रे त्यांनी काढली. मला वाटले होते की चित्रे उत्तम होतील आणि सांगणे अडखळेल. झाले उलटे. चिखलीच्या एका मुलीने आपल्या आजीकडून ऐकलेल्या ओवीच्या चालीवर सगळा प्रसंग गायला, आणि म्हशीच्या चित्राशी आल्यावर तिचा आवाज दाटून आला. वर्गात पर्स्पेक्टिव्ह चुकलेल्या त्या म्हशीकडे कुणी चूक म्हणून पाहिले नाही.

त्या पोथीची रंगीत प्रत आम्ही पिंगुळीला पाठवली, कारण ज्यांच्याकडून शिकलो त्यांना शिकलेले दाखवणे, हा आपल्या परंपरेतला साधा शिष्टाचार आहे. काही दिवसांनी तिकडून फोन आला. चित्रांविषयी ते थोडेच बोलले. सहाव्या चित्रानंतर मुले कुठे थांबतात, हे त्यांना ऐकायचे होते. मी त्या मुलीला शिक्षक-खोलीत बोलावून फोन तिच्या हातात दिला आणि तिने उभ्या उभ्या पूर्ण प्रसंग गाऊन दाखवला.

सर, आपण फोन करणार असाल तेव्हा मुलांची संख्या, त्यांचे वय, ती कोणती कथा आधी ऐकून येणार आहेत आणि आपल्याकडे किती तास आहेत, या चार गोष्टी हाताशी ठेवा. तारीख त्यांनी सांगू द्यावी. जत्रा आटोपल्यावर या, असे उत्तर आले तर तोवर थांबावे, आणि मधल्या दिवसांत मुलांना कुंभारवाड्यात बसवायला सुरुवात करावी.